निळी वायर जोडलीय का, बघा

कोल्हापुरात गाड्यांना टेप बसवायचं माझं दुकान आहे. हल्ली टेप म्हणजे नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन. गिऱ्हाईक चौकशी करतं ती स्पॉटिफाय, जिओसावन, यूट्यूब म्युझिकची. रेडिओ लागतो का, हे फार थोडे विचारतात. मग काही फिटर अँटेनाची पिन डॅशबोर्डच्या मागं तशीच लोंबती सोडतात. हे मला अजिबात पटत नाही.

इंटरनेटवरची गाणी मीही ऐकतो. हवं ते गाणं हव्या त्या क्षणी, तेही स्वच्छ आवाजात. १२८ केबीपीएसवर ऐकलं तर तासाला साधारण ५८ एमबी डेटा जातो, म्हणजे खर्चही फार नाही. पण हे गाणं मोबाइलच्या टॉवरवरून तुकड्यातुकड्यानं येतं, आणि प्रत्येक ऐकणाऱ्यासाठी वेगळं. पुढचा थोडा भाग ॲप आधीच साठवून ठेवतं, म्हणून चालत्या गाडीत टॉवर बदलला तरी कळत नाही. आंबा घाटात रेंज गेली की तो साठा संपतो आणि स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहतं. रत्नागिरीला निघणाऱ्यांनी गाणी घरीच डाउनलोड करून घ्यावीत.

रेडिओला टॉवरची गरज नाही. ट्रान्समीटर एकच, ऐकणारे दहा असोत की दहा लाख, त्याच्यावर भार तेवढाच. एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळं डोंगर आडवा आला की तिथंही खरखर होते. मीडियम वेव्ह जमिनीलगत लांबवर पोचते, रात्री तर आणखी लांब. मात्र इलेक्ट्रिक गाडीच्या यंत्रणेची घरघर नेमकी तिच्यातच घुसते, म्हणून काही कंपन्यांनी अशा गाड्यांतून ती काढूनच टाकली.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, गाड्यांच्या रांगा लागल्या. अशा वेळी माणसाला एकच आकडा हवा असतो : कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर नदीचं पाणी किती फुटांवर आहे? ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. वीज जाऊन टॉवर बंद पडले तर ॲप काय सांगणार? गाडीच्या बॅटरीवर रेडिओ मात्र चालतो, आणि त्यावर आपल्याच जिल्ह्याची बातमी येते.

म्हणून नवा सेट बसवताना जरा उभं राहून बघा. छतावर आखूड किंवा माशाच्या पंखासारखा अँटेना असेल, तर बहुतेक गाड्यांत त्याच्या आत ॲम्प्लिफायर असतो. त्याला बारा व्होल्ट लागतात, ते सेटच्या मागच्या निळ्या वायरीतून. पिन जोडली आणि ही वायर राहिली, तर शहरातसुद्धा नुसती खरखर ऐकू येते आणि गिऱ्हाईक समजतं, रेडिओच बिघडला. स्क्रू आवळायच्या आधी फिटरला १०२.७ वर आकाशवाणी कोल्हापूर लावून दाखवायला सांगा. आवाज स्वच्छ आला, तरच पैसे द्या.