कॅपच्या आतला धातू

दाताला बसवलेली ‘सिरॅमिक कॅप’ बाहेरून पांढरीशुभ्र दिसते. पण तिच्या एका जुन्या, अजूनही चालणाऱ्या प्रकारात आत धातूची पातळ टोपी असते. तिच्यावर पोर्सेलीनचे थर चढवून ते भट्टीत 900 अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. मध्ये गोंद नसतो. मग ही जोडी सुटत कशी नाही?

पहिलं कारण गंजाच्या जातकुळीतलं आहे. निकेल-क्रोमियमसारखा मिश्रधातू तापला की त्यावर ऑक्साइडचा थर येतो आणि मऊ झालेलं पोर्सेलीन त्या थराशी रासायनिक बंध जोडतं. थर पातळच हवा. जाड झाला तर आधी तोच फुटतो. सोनं गंजत नाही, म्हणून त्यात मुद्दाम थोडं कथील, इंडियम किंवा लोखंड मिसळतात. सोन्यातली भेसळ गुणाची ठरावी अशी ही विरळा जागा!

खरी मेख मात्र थंड होताना आहे. हे धातू साध्या पोर्सेलीनपेक्षा इतके जास्त आकसतात की थर तडकून निघेल. 1962 सालच्या वाइन्स्टाइन यांच्या अमेरिकी पेटंटांतल्या पोर्सेलीनने हा फरक कमी केला. त्यात ल्यूसाइट हे जास्त प्रसरण पावणारं स्फटिक तयार होतं. फरक पूर्ण मात्र मिटवत नाहीत. धातू किंचित जास्त आकसला की पोर्सेलीन दाबाखाली राहतं, आणि असे ठिसूळ पदार्थ ताणापेक्षा दाब कितीतरी चांगला सोसतात.

जोडाची ताकद तपासायला धातूच्या पट्टीवर पोर्सेलीन चढवून ती तीन बिंदूंवर वाकवतात, थर सुटू लागेपर्यंत. आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान 25 मेगापास्कल भरायला हवेत.