कासव झोपलेलं नसतं

डिसेंबरात पुण्याचं रात्रीचं तापमान दहा-बारा अंशांवर येतं. सदाशिव पेठेतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीत ठेवलेलं कासव खाणं सोडतं, डोळे मिटून एका जागी पडून राहतं, आणि घरात सगळ्यांचं चटकन एकमत होतं की थंडीत कासवं झोपतातच. पेठेत इतर कुठल्याही विषयावर एवढ्या लवकर एकमत होत नाही. हे एकमत फेब्रुवारीपर्यंत टिकतं. ऊन तापायला लागलं तरी कासव हलत नाही, पापण्या सुजलेल्या दिसतात, पाठ दाबली तर किंचित दबते, आणि मग डॉक्टरांचा विषय निघतो. तेव्हा विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो : आता याच्यावर खर्च करण्यात काही अर्थ आहे का? माझं म्हणणं असं की हा प्रश्न उशिरा तर विचारला जातोच, शिवाय दोन निर्णय त्यात एकत्र गुंडाळलेले असतात. उपचार किती करायचे हा दुसरा निर्णय. त्याच्या आधीचा निर्णय म्हणजे नेमकं काय झालंय ते जाणकाराकडून तपासून घेणं. तो स्वस्त असतो आणि तातडीचाही असतो. तो टाळला की दुसरा निर्णय आपण घेत नाही, आजारच घेऊन टाकतो.

कासवाच्या बाबतीत तातडी हा शब्द विचित्र वाटतो, आणि गोंधळ तिथेच होतो. कासव स्वतःच्या शरीरात ऊब तयार करत नाही. अन्न पचणं, जंतूंशी लढणं, दिलेलं औषध अंगात पसरणं आणि बाहेर पडणं, हे सगळं भोवतालच्या तापमानाच्या लयीने चालतं. आपल्याकडे सर्वाधिक पाळलं जाणारं लाल कानाचं कासव, म्हणजे रेड इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. तिथल्या कडक थंडीत ते तळ्याच्या तळाशी खरोखरच आठवडेच्या आठवडे निपचित पडून राहतं. पुण्याची थंडी तशी नसते. रात्री बारा अंश आणि दुपारी अठ्ठावीस, अशा चढउतारात ते धड झोपत नाही आणि धड जागंही राहत नाही. पोटातलं अन्न पचत नाही, प्रतिकारशक्ती मंदावते, जंतू मात्र दुपारच्या उबेत कामाला लागतात. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं आपलं स्टार कासव तर अशी हिवाळी झोप घेणारं नव्हेच. मंद शरीरात आजारही मंद चालतो, म्हणून लक्षण दिसेपर्यंत तो बराच पुढे गेलेला असतो. न्यूमोनियाचं उदाहरण घ्या. कासवाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, त्यामुळे खोकून कफ बाहेर टाकणं त्याला जमत नाही. फुप्फुसं पाठीच्या कवचाखाली असतात. एका बाजूचं भरलं की पाण्यातलं कासव तिरकं तरंगू लागतं. हे तिरकं तरंगणं गंमत म्हणून मोबाइलवर टिपलं जातं. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं किंवा नाकाशी बुडबुडे येणं ही त्याच्या पुढची पायरी.

घरात पाळलेल्या कासवांच्या आजारांचं मूळ बहुतेक वेळा टाकीत आणि ताटलीत असतं. नुसत्या वाळवलेल्या कोळंबीवर वाढवलेल्या लहान स्लायडरला अ जीवनसत्त्व कमी पडतं. त्याने डोळ्यांच्या ग्रंथींचं अस्तर बदलतं, पापण्या सुजतात. दिसेनासं झालं की खाणं थांबतं, आणि खाणं थांबलं की कमतरता वाढते. कवच मऊ पडण्याची गोष्टही अशीच. कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं आणि ते तयार व्हायला सूर्यप्रकाशातले अतिनील-ब किरण हवेत. खिडकीची काच हे किरण जवळजवळ अडवतेच. म्हणजे ‘आमच्याकडे टाकीवर छान ऊन येतं’ हे खरं असलं तरी काचेतून आलेल्या त्या उन्हाचा कवचाला उपयोग नाही. जमिनीवरच्या कासवाला प्रेमाने पोळी, भात, दूध घालणारी घरं वेगळीच. पालापाचोळ्यावर जगणाऱ्या प्राण्याच्या आतड्याला त्यातलं काहीच पेलत नाही. तपासणी म्हणजे कासवाबरोबर त्याच्या घराचीही तपासणी, आणि दुरुस्तीचा बराच भाग दिवा, तापमापक आणि आहार यांत उरकतो, असा याचा अर्थ.

वय झालं म्हणून खंगतंय, हेही निदानाशिवाय म्हणता येत नाही. अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावरचं जोनाथन हे महाकासव १८३२ च्या सुमारास जन्मलं असं मानलं जातं. मोतीबिंदूने त्याची दृष्टी गेली, वासही येईनासा झाला, चोचीची धार बोथट झाली, वजन घटलं. तिथले पशुवैद्य जो हॉलिन्स यांना दिसलं की त्याला गवत नीट तोडताच येत नाही. त्यांनी फळं-भाज्या हाताने भरवायला सुरुवात केली आणि चोच पुन्हा धारदार झाली. पावणेदोनशेच्या पुढच्या प्राण्याचं म्हातारपण म्हणून जे सहज सोडून देता आलं असतं, ते बऱ्याच अंशी कुपोषण होतं. आपल्याकडचा स्लायडरही नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं सहज जगतो. आठ वर्षांचं कासव म्हातारं नसतं.

यावर कुणी म्हणेल, दोष टाकीचाच असेल तर आम्हीच दिवा आणतो, गाजर आणि मेथी घालतो, डॉक्टर कशाला? दिवा आणाच. पण एका लक्षणामागे अनेक कारणं उभी असतात. खाणं सोडलं, याचं कारण थंडी असेल, न्यूमोनिया असेल, गिळलेला खडा असेल, मूत्राशयातला खडा असेल किंवा मादीच्या पोटात अडकलेली अंडी असतील. नर शेजारी नसला तरी मादी अंडी धरते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. अंडी आणि खडा एका एक्स-रेमध्ये दिसतात. बाहेरून दिसत नाहीत. घरगुती उपाय इथे निरुपद्रवीही राहत नाहीत. आयव्हरमेक्टिन हे गाई-कुत्र्यांना जंत-गोचिडांसाठी सर्रास दिलं जाणारं औषध कासवांसाठी विष आहे. त्याने पक्षाघात होतो आणि कासव मरतं. सुजलेल्या डोळ्यांवर अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन जास्त मात्रेत गेलं तर कातडी सोलवटून निघते. थंड कासवाला दिलेलं प्रतिजैविकही नीट काम करत नाही. आधी ऊब, मग शरीरातलं पाणी भरून काढणं, मग औषध आणि सगळ्यात शेवटी खाणं हा क्रम चुकवून बळजबरीने भरवलं, तर पोटात सडणाऱ्या अन्नात भरच पडते.

दुसरी अडचण खरी आहे : जाणकार डॉक्टर कुठून आणायचा? आपल्या पशुवैद्यकीय शिक्षणाचा गाभा गाय-म्हैस, शेळी, कोंबडी आणि कुत्रा-मांजर हा आहे, आणि कृषिप्रधान राज्यात ते योग्यच आहे. १८८६ साली मुंबईत सुरू झालेलं परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय काय किंवा साताऱ्याच्या वाटेवरचं शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय काय, तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने कासव हाताळलेलं असेल अशी अपेक्षा गैर आहे. पण पुण्यात परदेशी पक्षी आणि सरपटणारे प्राणी पाहणारे पशुवैद्य आहेत, आणि नेहमीच्या डॉक्टरांना ‘तुम्ही कासवं पाहता का, नसाल तर कुणाकडे पाठवाल’ असं विचारण्यात कसला अपमान? जो डॉक्टर कासवाला हात लावण्याआधी पाण्याचं तापमान, दिव्याचा प्रकार आणि खाणं विचारतो, त्याच्याकडे थांबावं. आपणही मोकळ्या हाताने जाऊ नये. टाकीचे फोटो आणि दर आठवड्याच्या वजनाची नोंद एवढं बरोबर असलं तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं. ‘हल्ली कमी खातं’ यापेक्षा ‘सहा आठवड्यांत चारशेचं तीनशे चाळीस ग्रॅम झालं’ या वाक्यावर निर्णय घेता येतो. वजनकाटा मात्र स्वयंपाकघरातला वापरू नका आणि टाकी ओट्याजवळच्या सिंकमध्ये धुऊ नका. कासवं धडधाकट दिसतानाही साल्मोनेला बाळगतात. अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी घातली ती त्यामुळेच.

आता पैशांचं. काहीशे रुपयांना आणलेल्या कासवावर काही हजार खर्च करायचे? हिशेब करू नये असं मी म्हणणार नाही. हिशेबाला नावं ठेवणारे सहसा दुसऱ्याच्या खिशाबद्दल बोलत असतात. पण खरेदीची किंमत या हिशेबात येतच नाही. खर्चाच्या समोर मांडायला हवीत ती बरं होण्याची शक्यता, उरलेली वर्षं आणि वाटेतल्या वेदना. आणि या तीनही गोष्टी पहिल्या तपासणीशिवाय ठाऊक होत नाहीत. ती झाली की डॉक्टरांना सरळ सांगावं की आमची मर्यादा एवढी आहे, त्यात काय बसेल. बसतं ते अनेकदा अपेक्षेपेक्षा जास्त. कासवाच्या शरीरातून औषध सावकाश बाहेर पडतं. सेफ्टाझिडाइमसारखं प्रतिजैविक बहात्तर तासांनी एकदा दिलं तरी चालतं, म्हणजे रोजची फेरी नाही. महाग पडते ती दिरंगाई, कारण पहिल्या आठवड्यात दिव्याने भागणारं दुखणं तिसऱ्या महिन्यात नळीने भरवण्यावर येतं. मोठी शस्त्रक्रिया नाकारणं हाही जबाबदार निर्णय असू शकतो. कवच कापून खडा काढायचा, मग कित्येक महिने जखम सांभाळायची, हे प्रत्येक घराला झेपणारं नाही आणि त्याबद्दल कुणाला अपराधी वाटण्याचं कारण नाही.

एक आक्षेप मोठ्याने बोलला जात नाही, तरी तोच सगळ्यात जास्त ठरवतो : कासवाला कुठे काय कळतं, पडून राहील शांतपणे. त्याला उत्तर आहे. कर्ट स्लॅडकी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात स्लायडर कासवांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मागच्या पायाला उष्णता लावली की कासव पाय ओढून घेतं. मॉर्फिन दिल्यावर ते पाय ओढायला जास्त वेळ लावू लागलं. तोवर सरपटणाऱ्या प्राण्यांना वेदनाशामक म्हणून सर्रास दिल्या जाणाऱ्या ब्युटोर्फेनॉलने मात्र काहीच फरक पडला नाही. मॉर्फिनने जी कमी होते अशी काहीतरी यंत्रणा कासवात आहे, एवढं तरी यातून मान्य करावं लागतं. आणि तज्ज्ञांनीही ती कित्येक वर्षं चुकीच्या औषधाने हाताळली हेही दिसतं. मग ‘निसर्गावर सोडून देऊ’ याचा अर्थ काय उरतो? जो प्राणी महिना-दोन महिने घेऊन मरतो, त्याच्या बाबतीत काहीच न करणं म्हणजे सर्वांत लांबची वाट निवडणं. शिवाय काचेच्या टाकीत निसर्ग असतो तरी कुठे?

कासव स्टार असेल तर निर्णयाला कायद्याची बाजूही येते. भरभराट होते म्हणून ते गुपचूप घरी ठेवणारे आहेत. २०१९ पासून ते वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या साइटिस कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीत. ते बाळगणं गंभीर गुन्हा आहे. त्यामुळे आजारी पडलं तरी दवाखान्यात न्यायची भीती वाटते आणि कासव घरातच लपून मरतं. इथला योग्य निर्णय उपचाराइतकाच सुपूर्द करण्याचा आहे : वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करायचा. पुण्यात वन्यप्राण्यांच्या उपचारांची सोय आहे. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाला जोडलेलं अनाथालय आहे आणि बावधनला रेस्क्यू ही संस्था वन विभागाबरोबर काम करते. स्लायडरचं याच्या उलट. तो परका आहे, जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. खर्च नको म्हणून आजारी स्लायडर मुठेत किंवा सारसबागेच्या तळ्यात सोडणं म्हणजे त्याचा आजार आणि स्पर्धा दोन्ही इथल्या मऊ पाठीच्या कासवांच्या गळ्यात बांधणं.

तपासणी होऊन उत्तर वाईट आलं, तर दयामरणाचा विचार मोकळेपणाने करावा, पण तो घरी करू नये. थंड रक्ताचा प्राणी, फ्रीजरमध्ये ठेवला की अलगद झोपेल, ही समजूत पसरलेली आहे. अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेच्या मार्गदर्शक सूचना ती पद्धत अमान्य करतात. कासवाचा मेंदू प्राणवायूशिवाय तासन् तास तग धरतो आणि हृदय मृत्यूनंतरही बराच वेळ धडधडत राहतं. म्हणून आधी बेशुद्धी, मग मारक औषध आणि त्यानंतर मेंदूचं काम पूर्ण थांबवण्याची क्रिया, असे टप्पे डॉक्टरांना घ्यावे लागतात. हेच उलटही लागू आहे. निपचित पडलेलं, गार लागणारं, हाक-स्पर्शाला प्रतिसाद न देणारं कासव मेलेलं असतंच असं नाही. मृत्यूची खात्री डॉक्टरांनी डॉप्लरने किंवा ईसीजीने, आणि कासव उबेला आणल्यावरच करायची असते. घरच्या घरी ठरवून संध्याकाळी कुंडीत पुरून टाकण्याची घाई करू नये.