आधीं माप, मग मोल

स्वस्त मिळालेली वस्तु खरोखरच स्वस्त कीं काय, हें ती उघडल्यावांचून कळत नाहीं. १९५४ सालीं टाटांनीं जर्मनीच्या डेम्लर-बेंझशीं करार करून जमशेदपुरास मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. त्या घराण्यांतलें सहा सिलिंडरांचें एक जुनें डिझेल इंजिन आमच्या चिरंजीवांनीं भंगारांतून जऊळक्यास आणिलें. अंगणांत तें उघडतांना आम्हीं पान्याआधीं वही घेतली. बेअरिंगच्या कॅपांची अदलाबदल होतां कामा नये, म्हणून त्यांवर क्रमांक घातले. सिलिंडर वरच्या टोंकास, पिस्टन जेथून परततो तेथें, अधिक झिजतो. म्हणून माप वर, मध्यें व खालीं घेतलें. क्रँकला चीर असती, तर पुढचा सारा खर्च व्यर्थ होता. ती नाहीं, अशी कारागिराकडून खात्री झाल्यावरच नव्या रिंगांसाठीं पैसे मोडले. इंजिन चालूं झालें. परंतु विद्यार्थ्याप्रमाणें यंत्राचीही परीक्षा आधीं व शिकवणी मागाहून, हें आम्हीच त्यापासून शिकलों.