निरोप आत, निरोप्या बाहेर

रस्ता ओलांडताना अचानक समोर ट्रक आला की मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या इवल्याशा ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. क्षणार्धात हृदय जोरात धडधडू लागतं, श्वासनलिका रुंदावतात, यकृत साठवणीतली साखर रक्तात ओतू लागतं. हे सारे बदल पेशींच्या आत घडतात, पण ते घडवणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनला आत शिरावंच लागत नाही. पाण्यात विरघळणारा हा रेणू पेशीच्या मेदाळ आवरणाशी थांबतो. आवरण जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचं. त्यातून निरोप पलीकडे जातो कसा, हे उलगडायला शंभरहून अधिक वर्षं लागली.

१९०५ मध्ये केंब्रिजच्या जॉन लँग्ली यांनी चेतातंतू तोडून निकामी केलेल्या स्नायूवर निकोटिन लावलं, तरी स्नायू आकुंचन पावला. क्युरारे हे विष दिल्यावर ते आकुंचन थांबलं. म्हणजे ही द्रव्यं चेतातंतूच्या टोकावर नव्हे, स्नायूवरच काम करत होती. त्यांना स्वीकारणारा काहीतरी पदार्थ स्नायूतच असला पाहिजे, असा तर्क लँग्लींनी मांडला. रिसेप्टरच्या कल्पनेचा हा पाया.

पुढे १९४८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात रेमंड अल्क्विस्ट यांनी अ‍ॅड्रेनलिनच्या कुळातल्या रेणूंचे वेगवेगळ्या अवयवांवरचे परिणाम ताडून पाहिले आणि अल्फा व बीटा असे दोन प्रकारचे रिसेप्टर असल्याचं सांगितलं. औषधशास्त्राच्या नियतकालिकाने त्यांचा निबंध परत पाठवला. तो शरीरक्रियाशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. याच कल्पनेच्या आधारे जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात हृदयावरचे बीटा रिसेप्टर अडवणारं प्रोप्रॅनोलॉल घडवलं. अँजायनाच्या असंख्य रुग्णांना त्याने दिलासा दिला. आश्चर्य असं की तोवर रिसेप्टर कुणी पाहिलाच नव्हता. १९७३ मध्ये खुद्द अल्क्विस्टही त्याला अमूर्त संकल्पनाच मानत होते.

दरम्यान क्लीव्हलँडमध्ये अर्ल सदरलँड दुसऱ्या टोकाकडून याच प्रश्नाला भिडले होते. यकृताच्या पेशी फोडून केलेल्या मिश्रणातही अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम दिसतो, हे त्यांनी आणि थिओडोर रॉल यांनी दाखवलं. मिश्रण गरगर फिरवून आवरणाचे तुकडे वेगळे काढले की परिणाम नाहीसा व्हायचा. मग त्यांनी फक्त तुकड्यांवर अ‍ॅड्रेनलिन घातलं. उष्णतेनेही न बिघडणारा एक छोटा रेणू तयार झाला. तो उरलेल्या द्रवात मिसळताच साखर मोकळी करणारं विकर जागं झालं. हा रेणू म्हणजे सायक्लिक एएमपी. पहिला निरोप्या बाहेर थांबतो आणि आत दुसरा तयार होतो, हे प्रथमच प्रयोगाने सिद्ध झालं. १९७१ चं नोबेल सदरलँड यांना मिळालं.

या दोन निरोप्यांमध्ये तिसरंही कुणी आहे, हे मार्टिन रॉडबेल यांनी ओळखलं. त्यांच्या बेथेस्डाच्या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या एटीपीत जीटीपी नावाच्या रेणूची भेसळ होती, आणि खरी करामत त्या भेसळीचीच निघाली. पुढे आल्फ्रेड गिलमन यांनी जीटीपीला धरणारं प्रथिन वेगळं काढलं. त्याचं नाव जी प्रथिन. १९९४ चं नोबेल दोघांत वाटलं गेलं.

आज हा क्रम बारकाईने सांगता येतो. बीटा गटातला बीटा-२ रिसेप्टर हे ४१३ अमिनो आम्लांचं प्रथिन सात मळसूत्रांच्या रूपात आवरण सात वेळा आरपार ओलांडतं. बाहेरच्या बाजूच्या खोबणीत अ‍ॅड्रेनलिन बसलं की आतल्या बाजूला रिसेप्टरचं सहावं मळसूत्र सुमारे १.४ नॅनोमीटर बाहेर झुकतं. तिथे तयार झालेल्या जागेत जी प्रथिन येऊन बसतं, जवळचा जीडीपी टाकून जीटीपी उचलतं आणि दुभंगतं. त्यातला अल्फा भाग अ‍ॅडेनिलिल सायक्लेज या विकराला चालना देतो, आणि ते विकर एटीपीपासून सायक्लिक एएमपीचे रेणू बनवत सुटतं. त्यांच्यामुळे प्रोटीन कायनेज ए मोकळं होतं आणि एकामागून एक प्रथिनांना फॉस्फेट चिकटवतं. यकृतात याचा शेवट साखर सुटण्यात होतो. हृदयात हेच सायक्लिक एएमपी ठोके जोरकस करतं, तर श्वासनलिकेत स्नायूला सैल करतं. निरोप एकच, उत्तर मात्र ज्या त्या पेशीजवळच्या सामग्रीवर ठरतं.

पण या यंत्राचं खरं कौतुक त्याच्या थांबण्यात आहे. जी प्रथिनाचा अल्फा भाग आपल्याजवळचा जीटीपी स्वतःच तोडतो आणि शांत होतो. सायक्लिक एएमपीचा निकाल लावायला वेगळं विकर तयारच असतं. ही सोय बिघडली तर काय होतं, ते बंगालने पिढ्यान्‌पिढ्या भोगलं आहे.

१९५९ मध्ये कोलकात्याचे शंभूनाथ डे यांनी पटकीचे जंतू वाढवलेल्या द्रवातून जंतू गाळून टाकले आणि उरलेला द्रव सशाच्या बांधून घेतलेल्या आतड्यात सोडला. आतडं पाण्याने टम्म फुगलं. मारक होतं ते जंतूंनी सोडलेलं विष. सदरलँड यांचा शोध तेव्हा जेमतेम वर्ष-दोन वर्षांचा होता आणि या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, हे कुणाच्या गावीही नव्हतं. १९७७ मध्ये जेरुसलेमच्या डॅन कॅसल आणि झ्वी सेलिंगर यांनी दाखवलं की पटकीचं विष जी प्रथिनाची जीटीपी तोडण्याची शक्तीच हिरावून घेतं. एकदा चालू झालेलं प्रथिन चालूच राहतं. आतड्याच्या पेशीत सायक्लिक एएमपी साचतं, क्लोराइडचे मार्ग उघडे पडतात आणि पाठोपाठ पाणी वाहू लागतं. गंभीर रुग्णाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं. ते मिळालं नाही, आणि एवढ्या मोठ्या शोधाचा हा माणूस १९८५ मध्ये गेला तेव्हा आपल्या देशातही त्याची ओळख फारशी नव्हती. ही खंत वाटण्यासारखीच गोष्ट आहे.

रिसेप्टरला प्रत्यक्ष रूप दिलं ते रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांनी. हृदयरोगतज्ज्ञ लेफ्कोविट्झ यांनी किरणोत्सारी रेणू चिकटवून रिसेप्टर हुडकायला सुरुवात केली. १९८६ मध्ये बीटा-२ चं जनुक हाती आलं तेव्हा ते डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या ऱ्होडॉप्सिनशी जुळणारं निघालं. उजेड आणि अ‍ॅड्रेनलिन यांना टिपणारी प्रथिनं एकाच कुळातली! माणसात या कुळातले सुमारे ८०० रिसेप्टर आहेत आणि वापरातल्या औषधांपैकी जवळजवळ एक तृतीयांश त्यांच्यावर काम करतात. २०११ मध्ये कोबिल्का यांच्या गटाने जी प्रथिनाला बिलगलेल्या रिसेप्टरची क्ष-किरणांतून रचना मिळवली. ती जोडी टिकावी म्हणून लामा या प्राण्यापासून मिळवलेल्या छोट्या प्रतिपिंडाचा आधार घ्यावा लागला. पुढच्याच वर्षी दोघांना नोबेल मिळालं.

दम्याच्या रुग्णाच्या खिशातला पंप याच रिसेप्टरसाठी असतो. त्यातलं साल्ब्युटामॉल बीटा-२ ला चालना देतं आणि काही मिनिटांत छाती मोकळी होते. पण रिसेप्टर सारखा डिवचला गेला की पेशी त्याच्यावर फॉस्फेट चढवते, अरेस्टिन नावाचं प्रथिन त्याला येऊन बिलगतं आणि जी प्रथिनाची वाट बंद होते. मग रिसेप्टर आत ओढला जातो. पंप वारंवार ओढणाऱ्यांना त्याचा गुण कमी येतो, त्यामागे हेही एक कारण आहे. शिवाय साल्ब्युटामॉल स्नायू सैल करतं, श्वासनलिकेची सूज उतरवत नाही. म्हणून २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना नुसत्या अशा पंपावर विसंबू नका, सोबत श्वासावाटे स्टेरॉइड घ्या, असं सांगतात. स्टेरॉइडचा रेणू मेदात विरघळणारा. तो आवरण सहज पार करतो, आतल्या रिसेप्टरला धरून पेशीच्या केंद्रकात जातो, सूज वाढवणारी जनुकं दाबतो आणि बीटा-२ च्या जनुकाला चालना देऊन नवे रिसेप्टर घडवायला लावतो.