लांबची, पण लवकरची वाट

वाट जितकी लांब, तितका प्रवासाला वेळ अधिक, हा जमिनीवरचा नेहमीचा अनुभव. आकाशमार्गाला मात्र हा नियम सदैव लागू पडत नाही. दिल्ली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सान फ्रान्सिस्को या दोन विमानतळांचे उदाहरण पाहण्याजोगे आहे.

पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो उत्तर ध्रुवाजवळून जातो. हे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ही सर्वांत जवळची वाट सापडावयाची नाही. परंतु ध्रुवाभोवतीच्या निर्जन हिमप्रदेशात अडीअडचणीला उतरण्याजोगे विमानतळ फार थोडे. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये ही थेट विमानसेवा सुरू केली, तेव्हा विमाने पश्चिमेकडे निघून अटलांटिक महासागरावरून जात. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची होती. पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये विमान उलट दिशेने, म्हणजे पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. अंतर १५,३०० किलोमीटर झाले, आणि तरीही विमान साडेचौदा तासांत पोचले. जुन्या वाटेने याहून सुमारे दोन तास अधिक लागत!

याचे कारण वाऱ्यात आहे. उष्ण कटिबंधातील उबदार हवा आणि ध्रुवाकडील थंड हवा यांच्या तापमानांतील मोठा फरक व पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे यांमुळे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे प्रचंड झोत वाहतात. त्यांना ‘जेट प्रवाह’ म्हणतात. त्यांचा वेग ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक असतो. हिवाळ्यात तर तो कित्येकदा याच्या दुपटीतिपटीने वाढतो. जपानमधील वासाबुरो ओइशी यांनी १९२० नंतरच्या काही वर्षांत आकाशात फुगे सोडून हे वारे मोजले होते. आपले निष्कर्ष त्यांनी एस्परांतो या नव्याने रचलेल्या भाषेत छापले. पण ती भाषा जाणणारेच थोडे, त्यामुळे जगाचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही.

नदीच्या ओघाबरोबर सोडलेली नाव थोड्या श्रमात पुढे जाते; ओघाविरुद्ध नावाड्याचे हात भरून येतात. विमानाचेही तसेच. हवेतील त्याचा वेग ताशी ९०० किलोमीटर व वारा शंभराचा धरला, तर पाठीमागून वारा असता जमिनीच्या मानाने ते ताशी १,००० किलोमीटर जाते, समोरून असता केवळ ८००. वेळेचा प्रश्न त्यात आहेच, पण इंधनाचा त्याहून मोठा. समोरच्या वाऱ्याशी झगडावयाचे, तर इंधन जास्त घ्यावे लागते. त्याचे वजन वाढले की प्रवासी व सामान कमी करावे लागते. तेवढ्यानेही भागले नाही, तर इंधनासाठी वाटेत उतरणे प्राप्त होते.

सान फ्रान्सिस्कोहून परतताना विमान पुन्हा पूर्वेकडेच, अटलांटिक महासागरावरून येई. वारा याही वेळी पाठीशी असे, आणि दिल्लीला उतरेपर्यंत त्याची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी होई.