व्याज म्हणायचे की बक्षीस? पेमेंट कंपनीतील वकिलाचे काम

26 जून 2020 या शुक्रवारी ब्रिटनमधील अनेक लोकांची प्रीपेड कार्डे अचानक बंद पडली. जर्मनीतील वायरकार्ड कंपनीच्या ताळेबंदातील 1.9 अब्ज युरो बहुधा अस्तित्वातच नसल्याचे उघड झाले होते. त्यामुळे फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी, म्हणजे एफसीएने, तिच्या ब्रिटिश उपकंपनीचे व्यवहार थांबवले. कार्डांवर नावे मात्र दुसऱ्याच छोट्या कंपन्यांची होती, आणि ती वापरणाऱ्या पुष्कळांनी वायरकार्डचे नावही ऐकले नव्हते. काहींचा पगार आणि सरकारी भत्ता त्याच कार्डावर जमा होत असे. पुढच्या मंगळवारपर्यंत निर्बंध उठले. पैसे कायद्यानुसार वेगळ्या खात्यात ठेवलेले होते. पण तोवर ते हाताशी नव्हते.

सुरक्षित पैसा आणि हाताशी असलेला पैसा यांतील हे अंतर सांभाळणे, हे पेमेंट कंपनीत नोकरी करणाऱ्या नियामक वकिलाचे मुख्य काम. न्यायालयाशी त्याचा संबंध क्वचितच येतो. त्याचा दिवस जातो तो करारांचे मसुदे, ॲपवरील मजकूर आणि उत्पादन विभागाच्या बैठका यांत.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. विपणन विभागाला शिल्लक रकमेवर दोन टक्के द्यायचे असतात. 2011 च्या इलेक्ट्रॉनिक मनी नियमांनुसार ई-मनी कंपनीला व्याज देता येत नाही; इतकेच नव्हे, तर पैसा किती काळ ठेवला यावर अवलंबून असलेला कोणताही लाभ देता येत नाही. मग ‘व्याज’ हा शब्द गाळून ‘बक्षीस’ लिहू, असे कोणीतरी सुचवतो. नाव बदलल्याने व्यवहाराचे स्वरूप बदलत नाही, हे वकिलाला तिथेच सांगावे लागते. मात्र बक्षीस शिल्लक रकमेऐवजी खर्चाशी जोडले, तर मार्ग निघू शकतो. केवळ नकार देणाऱ्या वकिलाला पुढच्या बैठकीचे बोलावणे येत नाही, हेही तितकेच खरे.

अशाच शब्दांवरून एफसीएने मे 2021 मध्ये ई-मनी कंपन्यांच्या प्रमुखांना पत्र धाडले होते. हा पैसा बँकेतील ठेव नाही आणि त्याला ठेव-विम्याचे संरक्षण नाही, हे ग्राहकांना स्पष्ट कळवा, असा त्याचा आशय होता. भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली वॉलेट कंपन्यांची एस्क्रो खाती हाताळलेल्या वकिलांना ही भाषा ओळखीची वाटेल. अशा वकिलांसाठी 2021 पासून एसक्यूई परीक्षेची वाट खुली आहे, आणि आधीच पात्र असलेल्यांना दोन वर्षांच्या अनुभवाची अट नाही.

खरी कसोटी निष्ठेची असते. वकिलाचा पक्षकार ही कंपनी. तिचा मुख्याधिकारी नव्हे, मग तो शेजारच्याच टेबलावर का बसत असेना. इंग्लंडमध्ये कंपनीच्या नोकरीतील वकिलाच्या कायदेशीर सल्ल्यालाही गोपनीयतेचे संरक्षण मिळते. मात्र तोच वकील व्यावसायिक मत देऊ लागला, की ते संरक्षण उरत नाही. ईमेलच्या प्रतीत वकिलाचे नाव घातले म्हणजे पत्रव्यवहार गोपनीय झाला, हा समज अनेक कार्यालयांत आढळतो आणि महागात पडू शकतो.

7 ऑक्टोबर 2024 पासून कामात आणखी एका विषयाची भर पडली. फसवणुकीला बळी पडून ग्राहकाने स्वतःच पैसे पाठवले, तरी पात्र प्रकरणांत 85,000 पौंडांपर्यंत भरपाई द्यावी लागते, आणि तिचा निम्मा भार पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीवर येतो. परिणामी नव्या ग्राहकाचे खाते उघडताना केलेली ढिलाई थेट कंपनीच्या खर्चात दिसू लागली. पूर्वी फक्त अनुपालन विभागाकडे जाणारे ते अर्ज आता वकिलाच्याही टेबलावर येतात. त्यांच्या शेजारी एफसीएच्या नव्या नियमांची फाईल असते: 7 मे 2026 ही अंमलाची तारीख, कामकाजाच्या प्रत्येक दिवशी ग्राहकांच्या पैशांचा ताळमेळ आणि दरमहा नियामकाला विवरण.