बायकांचा फुटबॉल बघतं कोण?

महिला विश्वचषकाची बातमी आली की कट्ट्यावरच्या गप्पांत एक वाक्य हमखास पडतं: "खेळतात बरं हो, पण बघायला येतं कोण?" विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं, ते त्याच्याकडे तयार असतं. उलट बाजूची मंडळीही कमी नाहीत. ती वेम्ब्लीच्या खच्चून भरलेल्या स्टँडचा फोटो पुढे करतात आणि क्रांती झाल्याचं जाहीर करून मोकळी होतात. दोन्हीकडची माहिती अर्धवट आहे. गेल्या शंभर वर्षांतले गर्दीचे आकडे निवांत वाचले, तर मैदानात किती माणसं येणार हे बऱ्याचदा आयोजकांनीच आधी ठरवून टाकलेलं दिसतं.

गैरसमज : ही गर्दी अलीकडची आहे

२६ डिसेंबर १९२०, नाताळचा दुसरा दिवस. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज आणि सेंट हेलेन्स लेडीज या दोन संघांचा सामना होता. डिक, कर हा प्रेस्टनमधला कारखाना. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, कारखान्यात दारूगोळा बनू लागला आणि यंत्रांवर मुली आल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या फुटबॉल खेळायच्या, त्यातून हा संघ उभा राहिला. त्या दिवशी मैदानात ५३,००० प्रेक्षक होते आणि जागा न मिळालेले हजारो लोक दाराबाहेर. संघाची हुकमी आघाडीपटू फ्लोरी रेडफर्ड हिची गाडी चुकली, म्हणून एरवी बचावफळीत असणारी कर्णधार ॲलिस केल पुढे खेळली आणि तिने हॅट्ट्रिक ठोकली. सामना ४-० असा सुटला. जमलेले तीन हजारांवर पौंड बेकार आणि अपंग माजी सैनिकांच्या मदतीला गेले.

वर्ष पुरतं उलटायच्या आत, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ बायकांच्या प्रकृतीला मानवणारा नाही. मदतीच्या पैशाच्या हिशेबाबद्दलही शंका काढल्या. ठरावातली मेख पुढेच होती. बायकांनी खेळू नये असा हुकूम काढणं असोसिएशनच्या हातात नव्हतं, म्हणून तिने आपल्या सदस्य क्लबांना मैदानं द्यायला मनाई केली. आता ५३,००० माणसं बसवायची कुठे? बागेतल्या हिरवळीवर? पुढची जवळजवळ पन्नास वर्षं ही मनाई टिकली. आणि मग त्याच इंग्लंडात लोक म्हणू लागले, बायकांच्या फुटबॉलला गर्दी होत नाही.

मेक्सिकोत १९७१ साली नेमकं उलटं घडलं. इटलीतल्या एका खासगी संघटनेने सहा देशांची महिला विश्वचषक स्पर्धा भरवली. फिफाची मान्यता नव्हती. मेक्सिकोच्या फुटबॉल महासंघाने तंबी दिली की जो क्लब या स्पर्धेला मैदान देईल त्याला दंड होईल. मग आयोजकांनी महासंघाच्या ताब्यात नसलेली दोन मैदानं धरली: मेक्सिको सिटीतलं ॲझ्टेका आणि ग्वादलहारातलं हालिस्को. ही दोन्ही देशातली मोठमोठी मैदानं, आदल्याच वर्षी पुरुषांच्या विश्वचषकासाठी वापरलेली. लहान मैदानं मिळू नयेत म्हणून केलेल्या बंदीने स्पर्धा थेट ॲझ्टेकात नेऊन बसवली!

जाहिरात मात्र आजच्या नजरेला बरीच बटबटीत वाटावी अशी. गोलचे खांब गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवलेले, कर्मचारी गुलाबी कपड्यांत, आणि बोधचिन्ह म्हणजे दोन वेण्या घातलेली फुटबॉलच्या वेशातली मुलगी. पण लोक लोटले. ५ सप्टेंबरच्या अंतिम सामन्याला ॲझ्टेकात सुमारे १,१०,००० प्रेक्षक होते असा अंदाज आहे. डेन्मार्कने यजमानांना ३-० असं हरवलं. तिन्ही गोल सुसान ऑगस्टेसन या पंधरा वर्षांच्या मुलीचे. इंग्लंडच्या संघात तर तेरा वर्षांची खेळाडू होती. रस्त्यात चाहत्यांनी गराडा घातलेल्या या मुली मायदेशी परतल्या तेव्हा बक्षीस काय मिळालं? खेळाडूंवर काही महिन्यांची बंदी आणि व्यवस्थापक हॅरी बॅट यांच्यावर कायमची.

फिफाच्या लेखी ही स्पर्धा झालीच नाही. त्यामुळे महिलांच्या सामन्याची सर्वाधिक प्रेक्षकसंख्या म्हणून वर्षानुवर्षं १९९९ च्या विश्वचषक अंतिम सामन्याचे ९०,१८५ छापले गेले. २०२२ मध्ये बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊवर आधी ९१,५५३ आणि महिन्याभरात ९१,६४८ प्रेक्षक आले, तेव्हा तो विक्रम मोडल्याच्या बातम्या झळकल्या. अधिकृत विक्रम म्हणून ते बरोबरच आहे. सर्वांत मोठी गर्दी म्हणाल, तर ॲझ्टेकाला अजून कुणी गाठलेलं नाही.

गैरसमज : आकडा दर स्पर्धेगणिक चढतच गेला

फिफाचा पहिला महिला विश्वचषक १९९१ साली चीनमध्ये झाला. तिथे प्रत्येक सामन्याला सरासरी साडेएकोणीस हजारांहून जास्त प्रेक्षक होते आणि ग्वांगझूच्या अंतिम सामन्याला सुमारे ६३,०००. चारच वर्षांनी स्वीडनमध्ये सरासरी आली ४,३१६. हेलसिंगबोर्गमध्ये नायजेरिया आणि कॅनडा ३-३ असे बरोबरीत सुटले. सहा गोलांचा हा सामना पाहायला किती माणसं होती? २५०. आपल्याकडे आंतरशालेय अंतिम सामन्यालाही एवढी जमतात.

चार वर्षांत जगाची आवड आटली असं कुणी म्हणेल का? स्वीडनची स्पर्धा छोट्या गावांत, छोट्या मैदानांवर ठेवली होती. १९९९ च्या अमेरिकेतल्या स्पर्धेसाठीही फिफाचा कल लहान मैदानांकडेच होता. पण १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या अंतिम सामन्याला ७६,४८९ लोक आलेले अमेरिकन आयोजकांनी पाहिले होते. मार्ला मेसिंग यांच्या नेतृत्वाखालच्या समितीने हट्टाने अमेरिकन फुटबॉलची राक्षसी मैदानं घेतली. खेळाडूंना गावोगावच्या मुलींच्या शिबिरांत पाठवलं, कुटुंबांना डोळ्यांसमोर ठेवून तिकिटं विकली. सलामीच्या सामन्याला न्यू जर्सीत ७८,९७२ आणि पासाडिनाच्या रोझ बाऊलवर अंतिम सामन्याला ९०,१८५. सरासरी ३७,३१९. त्यानंतर अशी सरासरी महिला विश्वचषकात पुन्हा कधी आलेली नाही. २००७ मध्ये चीन तिच्या अगदी जवळ गेला, एवढंच.

मग २००३ मध्ये त्याच अमेरिकेत ती २१,२४० वर का घसरली? स्पर्धा होती चीनला. सार्सच्या साथीमुळे मे महिन्यात ती हलवली आणि सप्टेंबरात तर सुरू करायची होती. मिळतील ती मैदानं घेतली, अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉलच्या ऐन हंगामात तारखा पडल्या. लोक तेच, देश तोच, खेळाडूही बऱ्याचशा त्याच.

तारखांचा घोळ फिफालाही नवा नाही. २०१९ च्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामना ७ जुलैला ल्याँमध्ये होता. त्याच दिवशी कोपा अमेरिकाचा आणि गोल्ड कपचाही अंतिम सामना. आपल्या सर्वांत मोठ्या सामन्यासमोर पुरुषांच्या दोन फायनल येऊ देणाऱ्यांना प्रेक्षक कुठे गेले हे विचारायचा अधिकार नाही.

गैरसमज : आकडे फुगवलेलेच असतात

हा पूर्ण गैरसमज नाही, म्हणून थोडं थांबू या. २०२३ च्या विश्वचषकात सिडनीच्या स्टेडियम ऑस्ट्रेलियावर पाच सामने झाले आणि पाचही वेळा प्रेक्षकसंख्या जाहीर झाली ७५,७८४. एक माणूस इकडे नाही की तिकडे नाही. दारात एकेक डोकं मोजून असा आकडा पाच वेळा येत नाही. तो उपलब्ध जागांचा, म्हणजे खपलेल्या तिकिटांचा आकडा असणार हे उघड आहे. तिकीट घेऊन न आलेले लोक त्यात धरले जातात. फ्रान्समध्ये २०१९ ला 'फुल्ल' म्हणून सांगितलेल्या सामन्यांत रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर दिसत होत्या. त्याच स्पर्धेत एकत्र तिकिटं काढलेल्या आईबापांना आणि मुलांना वेगवेगळ्या रांगांत जागा मिळाल्याने ऐनवेळी ओरड झाली होती.

दुसरी गोम जोडसामन्यांची. १९९९ आणि २०१५ मध्ये एका तिकिटावर एका दिवशी एकाच मैदानात दोन सामने दाखवले जात. तोच माणूस दोन्ही सामन्यांच्या खात्यात मोजला जाई. म्हणून कॅनडातले २०१५ चे १३,५३,५०६ आणि २०२३ चे १९,७८,२७४ हे आकडे शेजारी ठेवताना दोन गोष्टी पाहाव्यात. २०१५ ला ५२ सामने होते, २०२३ ला ६४. आणि २०२३ ला जोडसामने नव्हते. फुकट तिकिटांचंही लपवण्यासारखं काही नाही. २०२३ च्या सहयजमान न्यूझीलंडमध्ये स्पर्धा तोंडावर आली तरी विक्री थंड होती, तेव्हा एका प्रायोजकाने २०,००० तिकिटं वाटली.

पण विकलेली तिकिटं मोजण्याची रीत पुरुषांच्या सामन्यांतही सर्रास चालते. तिथे कुणी खुर्च्या मोजायला बसत नाही.

गैरसमज : यजमान संघ बाहेर पडला की मैदान रिकामं

यजमानांच्या सामन्याला गर्दी जास्त असते, हे कुठल्याही खेळात खरंच. २०२३ ला ऑस्ट्रेलियाचा आयर्लंडविरुद्धचा पहिला सामना मागणी पाहून निम्म्या क्षमतेच्या मैदानावरून मोठ्या मैदानावर हलवावा लागला. पण सिडनीच्या त्या पाच सामन्यांतला एक होता इंग्लंड-कोलंबिया आणि एक स्पेन-इंग्लंड. जर्मनीत २०११ ला यजमान उपांत्यपूर्व फेरीतच गारद झाले. तरी फ्रँकफुर्टला जपान-अमेरिका अंतिम सामना पाहायला ४८,८१७ लोक होते.

गैरसमज : पुरुषांच्या जवळपासही नाही

कतारमध्ये २०२२ ला पुरुषांच्या ६४ सामन्यांना ३४ लाखांहून थोडे जास्त प्रेक्षक, सरासरी ५३ हजारांवर. महिलांच्या २०२३ च्या तेवढ्याच सामन्यांची सरासरी ३०,९११. फरक आहे, आणि मोठा आहे. मात्र पुरुषांचा विश्वचषक सुरू झाला १९३० साली, महिलांचा १९९१ साली. १९६२ मध्ये चिलीत, पेलेच्या काळात, पुरुषांच्या विश्वचषकाची सरासरी सुमारे २८ हजार होती.

आणि युरो स्पर्धेत तर बाजी उलटली आहे. २०२२ साली वेम्ब्लीवर इंग्लंड-जर्मनी अंतिम सामन्याला ८७,१९२ लोक होते. पुरुषांच्या कुठल्याही युरो अंतिम सामन्याला एवढे कधी आलेले नाहीत; तिथला उच्चांक १९६४ चा, माद्रिदमधला, ७९,११५. २०२२ च्या त्याच महिला युरोत मँचेस्टर सिटीचं ४,७०० क्षमतेचं सराव संकुल एक केंद्र म्हणून निवडलं होतं. आइसलंडची कर्णधार सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिर हिने याला जाहीरपणे अपमान म्हटलं. ते मैदानही प्रत्येक वेळी भरलं नाही, हे सांगायला हवं. तरी एकूण प्रेक्षक ५,७४,८७५ झाले, आधीच्या विक्रमाच्या दुपटीहून जास्त. २०२५ मध्ये स्वित्झर्लंडने त्यावर ६,५७,२९१ चा आकडा ठेवला आणि ३१ पैकी २९ सामन्यांची तिकिटं संपली होती.

गैरसमज : हे गोऱ्यांच्या देशांतलं कौतुक

चीनचे आकडे वर आलेच आहेत. २०२२ च्या जुलैत रबातमध्ये आफ्रिकेच्या महिला स्पर्धेचा मोरोक्को-नायजेरिया उपांत्य सामना ४५,५६२ लोकांनी पाहिला.

आपल्याकडची गोष्ट निराळी आहे. त्याच वर्षी महाराष्ट्राला दोन मोठ्या स्पर्धा मिळाल्या. जानेवारीत आशिया चषकाचे सामने नवी मुंबई, अंधेरी आणि पुण्याच्या बालेवाडीत होते. कोरोनाची तिसरी लाट ऐन भरात होती. भारतीय संघातल्या इतक्या मुली बाधित झाल्या की तैपेईविरुद्ध संघच उभा राहीना आणि यजमानांना स्पर्धा सोडावी लागली. ऑक्टोबरात १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आला, गोव्यातल्या फातोर्डा आणि नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. भारताचे तिन्ही सामने मात्र भुवनेश्वरला, आणि तिन्ही हरले, एकही गोल न करता. स्पर्धेच्या मधोमध दिवाळी. ३० ऑक्टोबरला नेरूळमध्ये स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवून विश्वचषक उचलला. त्याच संध्याकाळी पर्थमध्ये भारताचा दक्षिण आफ्रिकेशी टी-ट्वेंटी विश्वचषकाचा सामना होता. मराठी आणि गोंयकार प्रेक्षकांची परीक्षा यात झाली, असं म्हणणं अन्याय आहे. आपल्या मुली आपल्या मैदानावर, बऱ्या तारखेला खेळल्या तर काय होईल ते अजून कुणी पाहिलेलंच नाही.

पुढचा महिला विश्वचषक २०२७ च्या जून-जुलैत ब्राझीलमध्ये आहे, आणि माराकानाही त्याच्या मैदानांत आहे. या देशात १९४१ ते १९७९ बायकांना फुटबॉल खेळायला कायद्यानेच बंदी होती.